वरच्या चॅनेलचं दुखणं

रबाळ्याच्या गच्चीवरून कोपरीच्या गच्चीवर डेटा जात होता, पण पोटभर जात नव्हता. मधे पाचेक किलोमीटरचं अंतर, त्यात खारफुटी आणि खाडीचं पाणी. दोन्ही टोकांना डिश आणि आमचा १८ गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह रेडिओ, प्रायोगिक परवान्यावर, २८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर. बँडच्या खालच्या टोकाच्या चॅनेलवर लिंक २५६ क्यूएएमवर (लहरीच्या २५६ वेगळ्या खुणांपैकी एक खूण दर वेळी पाठवण्याच्या पद्धतीवर) निवांत चालायची. तीच लिंक वरच्या टोकाच्या चॅनेलवर नेली की पाच-दहा मिनिटांत हातपाय गाळून ६४ क्यूएएमवर उतरायची. म्हणजे एका सिम्बॉलमागे, एका खुणेमागे, ८ बिटांऐवजी ६, सरळ पाव वेग गेला.

आधीच्या बोर्डावर हे होत नव्हतं. नव्या बोर्डात आम्ही फारसं काही बदललं नव्हतं, असं आम्हाला वाटत होतं. बोर्ड लहान केला होता, एवढंच.

पहिला संशय खाडीवर गेला. पाण्यावरून परावर्तन होतं, भरती-ओहोटीबरोबर पाण्याची उंची बदलते, थेट लहर आणि परावर्तित लहर एकमेकींना खातात, हे पुस्तकात असतं आणि खरंही असतं. एक आठवडा आम्ही भरतीचं वेळापत्रक समोर ठेवून तासातासाला नोंदी केल्या. या कामावर ज्याला कोपरीच्या गच्चीवर बसवलं होतं त्याने नोंदींपेक्षा फ्लेमिंगोंचे फोटो जास्त काढले, आणि आता मागे बघता त्याचा आठवडा आमच्यापेक्षा सत्कारणी लागला. भरती असो वा ओहोटी, वरचा चॅनेल आजारीच. शेवटी दोन्ही रेडिओ रबाळ्याच्या गाळ्यात टेबलावर आणले, मधे हवेऐवजी केबल आणि संकेत दुबळा करणारा अटेन्युएटर लावला. तरी तेच. खाडीची माफी मागितली.

हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. पण त्याहून सोपी एक गोष्ट होती, तीही आम्ही केली नाही: स्क्रीनवरचे ठिपके नीट बघणं. २५६ क्यूएएम म्हणजे १६ ओळी, १६ ठिपके अशी रांगोळी. प्रत्येक सिम्बॉल यातल्या एका ठिपक्यावर पडायला हवा. साधा उष्णतेचा गोंगाट असेल तर प्रत्येक ठिपका सगळीकडून सारखा फुगतो, पिठाची चिमूट पडावी तसा. लहर बनवणाऱ्या ऑसिलेटरची फेज, म्हणजे लहरीची तालातली जागा, थरथरत असेल तर अख्खी रांगोळी मध्याभोवती किंचित उजवी-डावी फिरते. मधल्या ठिपक्यांना त्याचं काही वाटत नाही. कोपऱ्यातले ठिपके मात्र घासून लांबुळके होतात, चंद्रकोरीसारखे. आमच्या स्क्रीनवर चारही कोपऱ्यांत कोरी स्पष्ट दिसत होत्या. फेज नॉइजने स्वतःची सही करून ठेवली होती आणि आम्ही भरतीची वेळ बघत होतो.

कोपऱ्यातला ठिपका किती फिरला की शेजाऱ्याच्या घरात जातो, हे भूमितीने निघतं: १६ क्यूएएमला साधारण १६.९ अंश, ६४ ला ७.७, २५६ ला ३.७. ही शेवटची सीमा झाली. रोजच्या व्यवहारात थरथरीचा सरासरी आकडा याच्या बराच आत हवा. एक अंश आरएमएस (हीच सरासरी) फेज म्हणजे १.७५ टक्के ईव्हीएम, डेसिबलमध्ये उणे ३५. (आमच्या धंद्यात ईव्हीएम म्हणजे एरर व्हेक्टर मॅग्निट्यूड, ठिपका आपल्या जागेपासून किती चुकला त्याचं माप; डेसिबलमध्ये जितकं जास्त उणे तितकं चांगलं. गाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना हे दरवेळी सांगावं लागतं, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत.) आमची लिंक खालच्या चॅनेलवर उणे ३४ दाखवत होती, वरच्यावर उणे २९. उणे ३२ च्या अलीकडे आलं की २५६ क्यूएएम टिकत नाही.

आता थोडं आतल्या रचनेबद्दल. आमचा सिंथेसायझर (नेमकी फ्रिक्वेन्सी बनवणारा भाग) साडेचार गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि पुढे चौपट करून १८ होतात. चौपट करताना फेजची थरथरही चौपट होते, म्हणजे १२ डेसिबल फुकटात पदरात पडतात. यातून सुटका नाही. त्यातला पीएलएल, म्हणजे फेज-लॉक्ड लूप, व्हीसीओला (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरला) स्थिर क्रिस्टलच्या तालावर बांधून ठेवतो. पीएलएलमध्ये १०० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर, त्याला ४ ने भागून २५ मेगाहर्ट्झवर तुलना, आणि गुणाकार सुमारे १८० पट. चिपच्या स्वतःच्या गोंगाटाचा आकडा, डेसिबलमध्ये, उणे २२०. त्यात २५ मेगाहर्ट्झचे ७४ आणि १८० पटीचे ४५ मिळवले की लूपच्या आतला गोंगाटाचा मजला निघतो उणे १०१ डीबीसी प्रति हर्ट्झ (कॅरियरच्या, म्हणजे मूळ लहरीच्या, तुलनेत इतके डेसिबल). चौपटीनंतर उणे ८९. खालच्या चॅनेलवर मोजणी याच्या एका डेसिबलच्या आत येत होती. गाळ्यातला स्पेक्ट्रम अॅनालायझर १८ गिगाहर्ट्झवर स्वतःच इतका गोंगाट करतो की त्यावर मोजण्यात अर्थ नव्हता. साडेचारवर मोजायचं आणि १२ मिळवायचे, हा आमचा गरिबाचा मार्ग.

वरच्या चॅनेलच्या फेज नॉइजच्या आलेखावर डावीकडे, कॅरियरपासून दीडशे हर्ट्झवर, एक घसघशीत उंचवटा होता. आणि इथे आम्ही तीन आठवडे घालवले.

उंचवटा शेजारच्या गाळ्यातल्या पॉवर प्रेसचा होता. तिकडे पत्र्याचे भाग ठोकतात; भिंत एकच, कोबा एकच. ठोका पडला की आमचं टेबल दीडशे हर्ट्झवर गुणगुणायचं. क्रिस्टलला हादरा बसला की त्याची फ्रिक्वेन्सी हलते. साध्या क्रिस्टलची संवेदनशीलता एका जीमागे (गुरुत्वाच्या त्वरणाएवढ्या हादऱ्यामागे) अब्जात एक भाग या घरातली. ऐकायला किरकोळ. पण १८ गिगाहर्ट्झवर अब्जात एक म्हणजे १८ हर्ट्झ. टेबलावर ०.१ जी हादरा धरला तर १.८ हर्ट्झची हालचाल, दीडशे हर्ट्झच्या तालावर. म्हणजे कॅरियरच्या फक्त ४४ डेसिबल खाली एक टोक उभं. लूप इथे काही मदत करत नाही, कारण लूपचं कामच संदर्भाच्या, म्हणजे क्रिस्टलच्या, मागे जाणं. संदर्भच थरथरत असेल तर तो इमानाने सगळ्यांना थरथरवतो.

आम्ही मग क्रिस्टलखाली सिलिकॉनचे पाय दिले, वर स्पंज, टेबलाखाली रबरी पत्रे, बोर्डाला वेगळ्या ठिकाणी स्क्रू. मधेच पॉवर सप्लायवरही शंका घेतली आणि व्हीसीओ दोन संध्याकाळी बॅटरीवर चालवून पाहिला. फरक शून्य, तो विषय तिथेच संपला. स्पंजाने मात्र कमाल केली. उंचवटा १५ डेसिबल खाली आला. आलेखाचा फोटो गटात गेला, अंगठे उठले, वडापाव आले.

ईव्हीएम उणे २९.२ होतं ते उणे २९.३ झालं.

वडापाव खाऊन झाल्यावर आमच्या सरांनी नोंदवही मागे उलटली. शेजारच्या गाळ्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी प्रेस बंद, उंचवटा गायब, हे आम्हीच उत्साहाने लिहून ठेवलं होतं, प्रेसला पकडण्याचा पुरावा म्हणून. त्याच ओळीत पुढच्या रकान्यात ईव्हीएम लिहिलेलं होतं: उणे २९.२. सलग तीन शुक्रवार. अक्षर माझं होतं.

सर म्हणाले, "अरे, लोकलमध्ये उभ्याने पेपर वाचता ना तुम्ही? डबा संथ डुलतो तेव्हा डोळा पेपराबरोबर डुलतो, अक्षर हलत नाही. सांधा बदलताना धडधड होते तेव्हाच अक्षर पुसतं. तुम्ही डुलणं थांबवलंत."

मुद्दा हा, की रिसीव्हर हात बांधून बसलेला नसतो. रांगोळी किती फिरलीय याचा अंदाज तो सतत घेतो आणि उलटी फिरवून सरळ करतो. आमच्या मोडेममध्ये ही दुरुस्ती सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतच्या थरथरीला पुरते. दीडशे हर्ट्झचा डुलणारा डबा त्याने आधीच सरळ केला होता. आम्ही स्पंज लावून त्याचं झालेलं काम पुन्हा केलं. मोबाइलच्या दुनियेत हाच खेळ वेगळ्या नावाने चालतो. ओएफडीएममध्ये डेटा अनेक बारीक लहरींवर, सबकॅरियरवर, वाटून पाठवतात. संथ फेज सगळ्या सबकॅरियरना सारखीच फिरवते, ती पायलट (आधीच ठाऊक असलेले संकेत) बघून काढता येते. सबकॅरियरच्या अंतराशी बरोबरी करणारी वेगवान थरथर मात्र एकीचं दुसरीत मिसळते, ती निघत नाही. ५जीमध्ये मिलिमीटर लहरींसाठी पीटीआरएस नावाचे खास फेज मागोवा घेणारे संकेत ठेवले, ते अशी सगळ्यांना सारखी फिरवणारी फेज ओळखून काढायला.

मग आमचा डोळा कशाने फसला? आलेखाच्या आडव्या पट्टीने. ती दशकांची, म्हणजे दहा-दहा पटींची, असते. १०० ते १००० हर्ट्झला जेवढी जागा, तेवढीच १० ते १०० किलोहर्ट्झला. कागदावर दोन्ही खोल्या सारख्या दिसतात. पण थरथरीची बेरीज करताना खरी रुंदी मोजायची असते, आणि २० ते २०० किलोहर्ट्झ हा पट्टा १०० ते १००० हर्ट्झच्या २०० पट रुंद आहे. डावीकडचा डोंगर उंच होता पण सुईएवढा अरुंद. उजवीकडे ७० किलोहर्ट्झजवळ एक बसकी सूज होती, पाच-साडेपाच डेसिबलची, जी आम्ही "लूपचा खांदा आहे, असतोच" म्हणून सोडून दिली होती. २० किलोहर्ट्झच्या पुढची बेरीज केली तेव्हा खालच्या चॅनेलवर ०.८ अंश आले, वरच्यावर १.४. दोन्ही टोकांचे दोन रेडिओ मिळून हिशोब करा: उणे ३४ आणि उणे २९. स्क्रीनवरचे आकडे जसेच्या तसे.

त्या दिवसापासून आमच्याकडे आलेखावर २० किलोहर्ट्झला उभी लाल रेघ मारूनच प्रिंट काढतात. रेघेच्या डावीकडे कोणी बोट ठेवलं की वडापाव त्याच्याकडून.

आता सूज. पीएलएलचा खांदा, म्हणजे लूपची पकड संपते तिथला भाग, सुजतो तेव्हा बहुधा फेज मार्जिन (लूपच्या स्थिरतेची शिल्लक) कमी असतं; लूप घाबरट होतो, चूक सुधारताना जास्तीची चूक करतो. आमच्या डिझाइनमध्ये मार्जिन सुमारे ५० अंश होतं, त्यात खांदा एखाद्या डेसिबलने उचलतो. साडेपाच डेसिबल उचलायला मार्जिन ३० वर यायला हवं. लूप फिल्टर (व्हीसीओकडे जाणारं व्होल्टेज गाळणारे रेझिस्टर-कपॅसिटर) दोन्ही चॅनेलांना एकच. मग वरच्याच चॅनेलवर मार्जिन कोण खातंय? दोन चॅनेलांमध्ये बदलतं काय, तर व्हीसीओचं ट्यूनिंग व्होल्टेज. खाली साडेतीन-चार व्होल्ट, वर ११.

व्हीसीओची संवेदनशीलता व्होल्टेजप्रमाणे बदलते का ते मोजलं. बदलत होती, पण थोडी, आणि उलट्या दिशेने. दीड दिवस डोकं धरून बसलो.

सोडवलं ते एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर लागणारे बारके भाग) बसवणाऱ्या आमच्या ताईंनी. त्या मायक्रोस्कोपखाली बोर्ड धरून दुसरंच काहीतरी बदलत होत्या. मी लूप फिल्टरकडे बोट दाखवून म्हटलं, इथले सगळे भाग काढून नवे लावू या एकदा. त्या म्हणाल्या, "कुठला लावू? जुन्या बोर्डावर इथे पांढुरका मोठा लागायचा. आता हा तपकिरी बारका येतो."

बोर्ड लहान करताना तो मोठा १२०६ मापाचा ४७ नॅनोफॅरडचा एनपीओ प्रकारचा कपॅसिटर जागा खात होता. कोणीतरी, म्हणजे आमच्यापैकीच कोणीतरी, यादीत ४७ नॅनोफॅरड, १६ व्होल्ट, ०४०२ असं लिहिलं. धारकता तीच, व्होल्टेज पुरेसं, माप बारकं. एवढ्या बारक्या मापात एवढं मूल्य एनपीओमध्ये मिळत नाही, म्हणून खरेदी विभागाने एक्स-७-आर हा दुसरा प्रकार आणला. खरेदीची चूक नाही. यादीत डायइलेक्ट्रिकचा (आतल्या पदार्थाचा) रकाना रिकामा होता.

एक्स-७-आरमध्ये बेरियम टायटनेट असतं. त्यावर डीसी व्होल्टेज आलं की त्याची धारकता आटते, आणि माप जितकं बारकं तितकी जास्त आटते. आमच्या धारकता मोजणाऱ्या एलसीआर मीटरला मोजताना डीसी व्होल्टेज द्यायची सोय नाही. ताईंनी नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एक पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर), एक मोठा रेझिस्टर आणि मीटरकडे डीसी जाऊ नये म्हणून एक जाडजूड फिल्म कपॅसिटर, अशी चिमट्यांची माळ टेबलावर मांडली. शून्य व्होल्टला मीटर ४६ नॅनोफॅरड म्हणाला. चार व्होल्टला ४० च्या घरात. मी पॉट फिरवत गेलो आणि आकडा मीठ विरघळावं तसा उतरत गेला. ११ व्होल्टला २१.

पुढचं गणित मिनिटाचं. हा कपॅसिटर १८० ओहमच्या रेझिस्टरबरोबर लूपचा झिरो (ज्या फ्रिक्वेन्सीपासून फिल्टर फेजला बळ देऊ लागतो ती) ठरवतो. ४७ ला तो १९ किलोहर्ट्झवर बसतो, २१ ला ४२ वर. लूपची रुंदी साठच्या आसपास. झिरो इतका जवळ सरकला की त्याने दिलेलं फेजचं बळ गळतं. मार्जिन निघालं तीसच्या आसपास. चक्र पूर्ण झालं: वरचा चॅनेल, जास्त व्होल्टेज, आटलेला कपॅसिटर, घाबरट लूप, सुजलेला खांदा, लांबुळके ठिपके.

वर आणखी एक गंमत. बेरियम टायटनेट दाबाने वीजही बनवतं. त्या तपकिरी दाण्याजवळ पेन्सिलच्या मागच्या रबराने टकटक केली की आलेख दचकायचा. जुन्या बोर्डावर कितीही टकटक करा, शांत.

उपाय म्हणून पुन्हा १२०६ ची जागा काढणं शक्य नव्हतं. धारकता निम्मी, रेझिस्टर दुप्पट आणि चार्ज पंपचा (चिपमधल्या, फिल्टरला करंट देणाऱ्या भागाचा) करंट निम्मा, असा कागदी मार्ग होता. लूप तसाच राहतो, पण करंट कमी केला की चिपचा आतला गोंगाट डोकं वर काढतो, म्हणून तो सोडला. ०८०५ मापात २२ नॅनोफॅरडचा एनपीओ मिळतो. ताईंनी दोन एकावर एक रचून, अंगावर अंग, त्याच पॅडवर खेचून बसवले. दिसायला भयंकर. ४४ नॅनोफॅरड, आणि ११ व्होल्टलाही ४४. खांदा बसला, वरचा चॅनेल ०.८ अंशावर आला. दुसऱ्या टोकाच्या रेडिओलाही तेच करून संध्याकाळी रबाळे-कोपरी लिंक वरच्या चॅनेलवर उणे ३४ वर उभी राहिली. रात्रभर २५६ वरून हलली नाही. पुढच्या बोर्डात दोघांना शेजारी-शेजारी जागा दिली.

हात लागलाच होता म्हणून मजलाही खाली आणायचा प्रयत्न केला. तुलना २५ ऐवजी ५० मेगाहर्ट्झवर नेली. गुणाकार निम्मा झाल्याने ६ डेसिबल मिळतात, तुलनेचा वेग दुप्पट झाल्याने ३ परत जातात, निव्वळ ३ हाती. लूप तसाच ठेवायला चार्ज पंपचा करंट मात्र आता कमी करावाच लागला, आणि जो गोंगाट आधी टाळला होता तो थोडा परत आला. कागदावर ३, पदरात दीड. तरी घेतले.

आणि ओहोटीला गाळ उघडा पडतो तसं झालं. नॉइज खाली गेल्यावर एका मधल्या चॅनेलवर एक बारीक टोक दिसू लागलं. तिथे सिंथेसायझरची फ्रिक्वेन्सी ५० च्या पूर्ण पटीला खेटून येते, आणि फ्रॅक्शनल (अपूर्णांकी गुणाकार करणारा) पीएलएल अशा जागी टोचतोच. टोक लूपच्या रुंदीच्या आत पडतं, म्हणून फिल्टर त्याला हात लावत नाही. ते आधीही असणार, गोंगाटात बुडालेलं. त्या एकाच चॅनेलसाठी सॉफ्टवेअरमध्ये १०० ला ३ ने भागायची ओळ घातली, ५० ची पट दूर गेली. अशा ओळी कोडमध्ये साठत जातात आणि दोन वर्षांनी कोणीतरी विचारतो हे काय आहे. म्हणून शेजारी चार ओळींचं कारण लिहून ठेवलं आहे.

स्पंज काढला. तो लावल्यापासून क्रिस्टलला वारा मिळत नव्हता आणि दुपारी गच्चीवर त्याची फ्रिक्वेन्सी भटकत होती. काढल्यावर दीडशे हर्ट्झचा डोंगर पुन्हा पूर्वीएवढा उभा राहिला आहे, लाल रेघेच्या डावीकडे. तपकिरी दाण्यांचं अर्धं रीळ उरलं होतं, ते ताईंनी सप्लायच्या डीकपलिंगला (सप्लायवरचा गोंगाट गाळायला) वापरायला घेतलं, आणि डब्यावर स्केचपेनने लिहिलं: "फक्त सप्लाय. लूपला नाही."